एका नावावर एकच

रविवार, १६ एप्रिल २००६
सिंदी मेघे, वर्धा

आलो बाई एकदाचे. नाशिकहून निघालेला टेम्पो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला तेव्हा माझं शिलाई मशीन उलटं, तुळशीची कुंडी फुटलेली आणि वर ड्रायव्हर माझ्यावरच रागावलेला, असा एकूण थाट होता. पण घर बघितलं आणि शीण उतरला. वरचा अख्खा मजला आमचा. दोन ऐसपैस खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गच्ची आणि गच्चीवर कडुलिंबाची अर्धी फांदी आलेली. काजलने पाच मिनिटांत तीन कोपऱ्यांवर हक्क सांगून टाकला. पोर सात वर्षांची, पण वाद घालण्यात वकिलाला ऐकणार नाही.

खाली घरमालकीण राहतात, मनकर्णाबाई. साठीच्या आसपास, एकट्याच. आल्याआल्या पन्ह्याचा तांब्या घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या की इथे घरात कैरी आणि डोक्याला दुपट्टा नसला तर मे महिना माणसाला गिळून टाकतो. धीरज मूळचा आर्वीचा, त्याला या उन्हाचं काही नाही. मला मात्र सगळंच नवं. संध्याकाळी भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तर तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी मनकर्णाबाई खालून म्हणाल्या, सांबार पाहिजे त्यायले. तेव्हा कुठे जुडी मिळाली. आता मी इडलीबरोबरचं आणि जुडीतलं अशी दोन सांबारं वेगळी ठेवायला शिकतेय.

धीरजचं काम गिरडकडच्या रस्त्यावर. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी संध्याकाळी यायचं. तिकडे त्याच्या मोबाइलला रेंज नाही. म्हणजे आठवडाभर मी आणि माझी लेक. नवं घर, नवी डायरी, आणि मी खूश आहे. हे लिहून ठेवते, पुढे नवऱ्याशी भांडण झालं तर पुरावा असावा.

गुरुवार, २० एप्रिल

माझं काम काय हे इथल्या बायकांना सांगणं हा एक कार्यक्रमच झालाय. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून जे काही बोलतात त्याच्या फाइली नागपूरच्या कंपनीत येतात, तिथून त्या माझ्याकडे येणार. मी कानाला हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि पाठवून द्यायचं. घरबसल्या. समोरच्या सीताबाईंनी विचारलं की मग तू इंजेक्शन देतेस का. मी म्हटलं, नाही हो, फक्त ऐकते.

एक मेपासून महिनाभर माझी परीक्षा. एकही फाइल उशिरा गेली तर काम गेलं. आणि इंटरनेट अजून नाही.

कॉलनीत केबल टीव्ही देणारे प्रफुल म्हणून आहेत, चाळिशीचे, गळ्यात नेहमी वायरचं भेंडोळं. त्याच केबलवरून ते आता इंटरनेटही देतात. आज आले, खांबावरची पेटी उघडून बघितली आणि मान हलवली. पेटी भरली, नवीन नावाला दीड महिना लागेल म्हणाले. मी अगदी रडकुंडीला आले. मनकर्णाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या लेकीचं कनेक्शन आहे की.

लेक म्हणजे दिपाली. याच वरच्या मजल्यावर तिची खोली होती, कॉम्प्युटरचं शिकत होती. तीन वर्षांपूर्वी काविळीने गेली. चोवीस वर्षांची होती. आईने तिचं कनेक्शन मात्र बंद करू दिलं नाही. ते तुम्ही वापरा म्हणाल्या, अट एकच.

"नाव तेवढं बदलू नका बाप्पा. माह्या पोरीच्या नावानंच चालू द्या."

मला जरा कसंतरी झालं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर पाय धरायलाही कुणी सांगत नव्हतं. मी हो म्हणाले.

शनिवार, २२ एप्रिल

झालं. इंटरनेट सुरू. कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण धीरजला सांगायला गेले तर तो जांभई देतो.

केबलच्या ऑफिसातलं मशीन आत सोडण्याआधी दोन गोष्टी बघतं. एक नाव आणि पासवर्ड, दुसरं म्हणजे कॉम्प्युटरचा नंबर. प्रत्येक कॉम्प्युटरला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा एक नंबर मिळालेला असतो. दिपालीच्या नावाला दिपालीच्याच कॉम्प्युटरचा नंबर बांधलेला, आणि तो कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला. मग माझा चालणार कसा? त्यावर प्रफुल यांनी राउटर आणला. पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान पेटी, मागे चार भोकं, पुढे हिरवे दिवे. माझ्या कॉम्प्युटरची वायर एका भोकात खोचली, पत्त्याच्या जागी चार आकडे टाकून पेटीचं पान उघडलं, त्यात दिपालीचं नाव आणि पासवर्ड लिहिला. मग आपल्या जुन्या वहीतून तिच्या कॉम्प्युटरचा नंबर काढून तोही पेटीला देऊन टाकला. आता ही पेटी ऑफिसात जाऊन सांगते की मी दिपालीचा कॉम्प्युटर, आणि तिकडचं मशीन बिचारं मान्य करतं. शेवटी एका चौकोनात खूण केली. लाइन तुटली तर पेटी आपणहून पुन्हा लॉगिन करणार, कुणी विचारायचंही नाही.

धीरजचा लॅपटॉपही जोडता येईल का, असं मी विचारलं. प्रफुल म्हणाले, कितीही जोडा. त्यांच्या ऑफिसचा नियम आहे, एका नावावर एकच. पण पेटीच्या मागे कोण कोण बसलंय ते ऑफिसला कळत नाही.

"बाहेरच्याले एकच दिसते, ताई. मंग आत दहा झनं राहो."

मनकर्णाबाई एवढा वेळ दारात उभ्या होत्या. शेवटचा हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी विचारलं, आली का. प्रफुल म्हणाले, आली. बाईंनी पदर तोंडावर धरला आणि खाली निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांना डब्यात पुरणपोळी नेऊन दिली.

मंगळवार, २५ एप्रिल

साडेअकरा ते साडेतीन वीज नसते. रोज. कूलर बंद पडला की पाच मिनिटांत घराची भट्टी होते. काजल आणि मी ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर पडून राहतो आणि ज्यांनी हे वेळापत्रक ठरवलं त्यांचा उद्धार करतो.

आज दुपारी बारा वाजता खालून हाक आली. "दिपाऽ." एकदाच. मी दचकले. मग कळलं, मनकर्णाबाई. दिपाली वर कॉम्प्युटरवर बसलेली असायची, जेवणाची वेळ झाली की आई जिन्याखालून हाक मारायची. ती सवय त्यांनी सोडलेली नाही. तीन वर्षं रोज एक हाक मारतात, वरच्या दाराकडे बघत थोडं थांबतात आणि मग एकट्या जेवायला बसतात. हे त्यांनी मला इतक्या साधेपणाने सांगितलं की मी वर येऊन रडले. काजलने विचारलं, दिपा कोण? सांगितलं.

एक गंमत. वीज गेलेली, पंखा थांबलेला, कॉम्प्युटर बंद, आणि राउटरचा हिरवा दिवा चालू. मी घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटं झाली तरी चालूच. आत काही उरलेली वीज असेल. या पेटीकडून जरा शिका म्हणावं वीजवाल्यांना.

शुक्रवार, २८ एप्रिल

आज बारा वाजता हाक आली आणि काजलने ओ दिली.

मी स्वयंपाकघरात होते. "दिपाऽ" ऐकलं आणि लगेच गच्चीच्या दारातून आमच्या काजलचा आवाज, "ओ." मी बाहेर येईपर्यंत ती जिना उतरून खाली गेलेली. जाऊन बघते तर मनकर्णाबाईंनी दोन ताटं वाढली होती. त्यांचा चेहरा असा उजळलेला की मला रागावताच येईना.

वर आणून काजलला विचारलं, ओ का दिलीस? तर म्हणते, आजींना कुणीच ओ देत नाही म्हणून. पोरीचं मन चांगलं आहे. पण मेलेल्या माणसाचं नाव उंबऱ्यावरून पुकारू नये, असं माझी आजी म्हणायची, आणि त्या नावाला जिवंत पोराने ओ देणं तर मला अजिबात आवडलेलं नाही. पुन्हा असं करायचं नाही म्हणून बजावलंय.

सोमवार, १ मे

पहिली फाइल वेळेत गेली. शिकागोच्या कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर मी आज चार पानं लिहिली.

आनंदात होते तेवढ्यात मागून काजल म्हणाली, "सपना, पाणी दे."

थट्टा वाटली. आईला नावाने हाक मारतात का म्हणून मी एक धपाटा दिला. एरवी या पोरीने घर डोक्यावर घेतलं असतं. आज रडली नाही, रुसली नाही. नुसती बघत राहिली आणि पाण्याची वाट बघत उभी राहिली. मी पाणी दिलं. ते का दिलं, मला माहीत नाही.

संध्याकाळी राउटरचं पान उघडलं. पेटीला कोणकोणते कॉम्प्युटर जोडलेत त्याची तिथे यादी असते. मागच्या चार भोकांपैकी एकातच वायर आहे, माझी. यादीत दोन नावं होती. पहिलं माझ्या कॉम्प्युटरचं.

दुसरं काजल.

बुधवार, ३ मे

काजल म्हटलं की ती वळून बघत नाही. कान तपासले, मळ नाही, दुखत नाही. टीव्ही लावला की हसते. ताट वाढलं की जेवते. फक्त नाव घेतलं की भिंत. दुपारी बाराची हाक आली की मात्र हातातलं टाकून धावते. आज मी दाराला कडी लावली. ती कडीशी उभी राहून खाली बघत ओ, ओ, ओ करत राहिली, एकाच सुरात, हाक थांबल्यावरही.

मनकर्णाबाईंना जाऊन हात जोडले. म्हटलं, काकू, हाक मारू नका. त्या म्हणाल्या की लेकरू आपणहून येते, आपण काऊन थांबवायचं? मग हळूच म्हणाल्या की तिचं हसणं तंतोतंत दिपासारखं आहे. आमची काजल सात वर्षं माझ्यासारखी हसत आलीये.

संध्याकाळी गच्चीतून भाजीवाल्याला थांबवलं. मी, मी स्वतः, कठड्याशी उभी. तो वर बघून म्हणाला, सांबार देऊ का दिपाताई? मी म्हटलं, काय म्हणालात? त्याने पुन्हा वर बघितलं, जरा गोंधळला आणि म्हणाला की काही नाही, ऊन लागलं असेल.

बाहेरच्याला एकच दिसते.

शनिवार, ६ मे

धीरज आला. काजल त्याला बिलगली नाही, लांबून बघत होती. "धीरज" म्हणाली. तो आधी हसला, मग त्याचाही चेहरा उतरला.

डॉक्टरांकडे नेलं. ऊन लागलंय, साखर-मिठाचं पाणी द्या, झोपू द्या. धीरजला मी सगळं सांगितलं, राउटरचं, यादीचं, हाकेचं. त्याने यादी बघायला मागितली. उघडली तर एकच नाव. माझ्या कॉम्प्युटरचं. तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, तूही दुपारी झोपत जा.

भांडले नाही. भांडायला बळ नव्हतं.

सोमवार, ८ मे

धीरज पहाटे गेला. तो जाताच मी राउटरची वीज काढली, दोन्ही वायरी उपटल्या, पेटी गव्हाच्या कोठीत पुरली आणि झाकण लावलं. काम गेलं तर जाऊ दे. पोर महत्त्वाची.

प्रफुलना फोन केला. म्हटलं, दिपालीचं बंद केलंय, तुमच्याकडे नोंद करा. ते म्हणाले, बंद कुठे, चालू आहे ना. समोर दिसतंय.

मी त्यांना बोलावून घेतलं. कोठीतून पेटी काढून त्यांच्या हातात दिली. गव्हाचे दाणे लागलेली, वायर नसलेली. ते जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले की बावीस तारखेपासून ही लाइन एकदाही तुटलेली नाही. दुपारी वीज जाते तेव्हा सगळ्या कॉलनीच्या लाइनी पडतात. हिची पडत नाही. त्यांना वाटलं होतं, आमच्याकडे इन्व्हर्टर असेल.

आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

बुधवार, १० मे
आर्वी

काल सकाळच्या एसटीने काजलला घेऊन आर्वीला, सासूबाईंकडे आले. घर सोडलं की सुटेल असं वाटलं होतं.

जेवत नाही. कालपासून पाण्याचा घोट नाही. सासूबाईंनी दृष्ट काढली, मांडीवर घेतलं, काजल, काजल म्हणून किती विनवलं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. दुपारी बारा वाजता तिचं अंग इतकं गार पडलं की सासूबाई घाबरून रडायला लागल्या. या उन्हात गार.

मग मी ते केलं. कुणी नव्हतं तेव्हा तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, दिपा.

"ओ," म्हणाली. आणि पाणी मागितलं.

सपना, पाणी दे.

पाणी दिलं. भात भरवला. दिपा, घास घे. दिपा, अजून एक. मी माझ्याच लेकीला मेलेल्या मुलीच्या नावाने भरवलं, आणि ती जेवली म्हणून मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला.

उद्या परत जाते. इथे राहून ती सुटणार नाही. जिथे अडकलीये तिथूनच सोडवायला हवी.

गुरुवार, ११ मे

मनकर्णाबाई जिन्यातच वाट बघत होत्या. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या. काजलला बघून मागे सरल्या. मला एकटीला आत नेलं, दार लावलं.

"ती माही दिपा नाई वं. दिपा मले माय म्हने. हे मले मनकर्णा म्हनते. जे नाव देल्लं त्या नावानं थे येते."

आम्ही इथे नव्हतो तेव्हाही वरून ओ येत होती. बंद घरातून. काल बाईंनी हाक मारलीच नाही. तरी आली. मग वरूनच हाक आली, मनकर्णा, अशी. एकदा.

त्यांच्या आईने त्यांना लहानपणी शिकवलं होतं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस तीनदा हाक मारतो. तिकडचं जे असतं ते तीनदा हाक मारत नाही. हे माहीत असून त्या तीन वर्षं उंबऱ्यावर एकेक हाक मारत राहिल्या. पोरीने ओ द्यावी म्हणून. माझे पाय धरायला वाकल्या. मी धरू दिले नाहीत. रागही आला नाही. माझी काजल गेली असती तर मीही मारल्या असत्या हाका.

त्या आज संध्याकाळीच भावाकडे समुद्रपूरला जातायत. खालच्या घराला कुलूप.

प्रफुलना विचारलं, दिपालीला बाहेर कसं काढायचं? म्हणाले, ऑफिसातून दहा वेळा काढलं, निघत नाही. एकच उपाय. एका नंबरावरही एकच नाव राहतं. त्याच पेटीत, त्याच नंबरावर दुसरं नाव घातलं की पहिलं आपोआप पडेल. पण कुणाचं तरी घालावं लागेल. खरं नाव, खऱ्या माणसाचं. नवीन नाव मी बनवून देतो म्हणाले, खांबावरच्या पेटीत जागा नसली तरी.

कुणाचं घालू, असं त्यांनी विचारलं.

यात विचारायचं काय आहे.

शुक्रवार, १२ मे

सकाळी नऊला प्रफुल आले. कोठीतली पेटी पुसली, वायरी लावल्या. दिपाली हे नाव खोडलं. त्या जागी मी माझ्या हाताने सपना लिहिलं. त्यांनी विचारलं, घाबरता का ताई? मी हो म्हणाले. खूप.

दिवा विझला. परत लागला.

आतल्या खोलीतून काजल रडत आली. "आई, पोटात दुखतंय."

आई म्हणाली. आई.

दिवसभर तिला मांडीवरून उतरवलं नाही. दहा वेळा काजल म्हटलं, दहा वेळा ओ दिली. हसली ती माझ्यासारखी. मधले दिवस तिला आठवत नाहीत.

तिला पक्कं शिकवलंय. कुणीही हाक मारली तर पहिल्यांदा ओ नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या हाकेलाच. पाठ करून घेतलं. उद्या संध्याकाळी धीरज येईल. आला की सामान बांधायचं. त्याला पटो न पटो.

शनिवार, १३ मे
सकाळ

अकरा वाजलेत. राउटरचं पान उघडलं. उगाच, खात्रीसाठी.

लॉगिन झालेलं नाही. पेटी पुन्हा पुन्हा जाते आणि परत येते. खाली ओळ आहे, या नावाने आधीच कुणीतरी आत आहे.

सपना या नावाने.

प्रफुलना फोन. ते म्हणाले, तुम्हीच तर आहात ना आत, काल सकाळपासून.

आर्वीला फोन केला. म्हटलं, आई, मी सपना. सासूबाई म्हणाल्या, कोन बोलून राह्यलं? सपना तं आत्ताच बोलली माह्याशी. फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलत नाहीत.

आरशात बघून आले. मी आहे. मीच आहे.

दुपार

वीज गेली. पेटीचा दिवा चालू.

धीरज, हे तुझ्यासाठी लिहितेय. तू संध्याकाळी येशील. दार उघडायला कुणीतरी येईल. साडी माझी असेल, आवाजही. ती मी नाही. तिला काही विचारू नकोस, तिला सगळं माहीत असेल. फक्त काजलला उचल आणि पळ.

डाव्या हातात काजलचा हात आहे. घट्ट. कडी आतून लावलीये. मनकर्णाबाईंच्या घराला कुलूप. खाली कुणी नाही.

जिन्याखाली कुणीतरी

"काजलऽ."

माझा आवाज. धीरज, माझाच आवाज आहे. जेवायला बोलावताना मी शेवटी लांबवते ना, तसाच.

काजल ऐकतेय. ओ दिली नाही. शहाणी माझी बाळ. माझ्याकडे बघ, राणी, मी इथे आहे, बोलू नकोस

"काजलऽ."

दुसरी. आता थांबेल. तिकडचं तीनदा मारत नाही, तीनदा फक्त माणूस

पायऱ्या चढतेय

काजल हात ओढतेय. माझ्याकडे बघतेय, अशी का बघतेय, परक्या घरात आल्यासारखी

"काजलऽ."

तीन. तीन झाल्या.

म्हणाली, "काकू, हात सोडा ना. माझी आई बोलावतेय."

काजल, मी आई. मीच. धीरज, तिने कडी काढली, दारात मी उभी आहे, काजल तिला बिलगली, दारातलीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तू कोण, आणि मला माझं नाव